पाणी राखायचे की घालवायचे?

मांसाला धुरी देण्याच्या पेटीत, खालच्या निखाऱ्यांच्या आणि वरच्या मांसाच्या मध्ये, पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवावे की ठेवू नये? प्रश्न किरकोळ वाटतो. अमेरिकेत मात्र मांस धुरावणारे हौशी लोक त्यावर हिरिरीने वाद घालतात. पाण्यामुळे मांस कोरडे पडत नाही, असे एक पक्ष म्हणतो. पाणी तापवण्यात सरपण फुकट जाते, असे दुसऱ्याचे म्हणणे.

आपल्याकडे धुरी दिलेले मांस फारसे कोणी खात नाही. मग हा प्रश्न आपण का घ्यावा? एक कारण असे की या साध्या भांड्यात शाळेतल्या उष्णतेच्या धड्यातला बराचसा भाग सामावला आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. मांसातले पाणी राखायचे की घालवायचे, या प्रश्नाची मराठवाड्यात फार पूर्वीपासून दोन उत्तरे आहेत. एक छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, देगेत शिजते. दुसरे गावकुसाबाहेरच्या वस्तीत दोरीवर वाळत असे. पहिल्याचे कौतुक आपण सर्वांनी ऐकले आहे. दुसरे मात्र कित्येक वर्षे कोणत्याही छापील पानावर आले नव्हते.

भांड्यातले पाणी काय करते?

आधी भांड्याकडे पाहू. एक किलो पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते. पण उकळणाऱ्या त्या एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायची तर आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल द्यावे लागतात. म्हणजे तापवण्याच्या जवळजवळ आठपट! हा हिशोब प्रथम नीट मांडला तो ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक याने, १७६० च्या दशकाच्या आरंभी. ठराविक विस्तवावर पाणी उकळीला यायला किती वेळ लागतो आणि तेच पाणी पूर्ण आटून जायला किती, हे त्याने मोजले. आटायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्या सर्व वेळात तापमापी जागचा हलत नाही. ही ‘लपलेली’ उष्णता म्हणजेच सुप्त उष्णता, पाठ्यपुस्तकातला अप्रकट उष्मा.

आता धुरीच्या पेटीतले भांडे काय करते ते सहज कळेल. निखारे एकदम फुलले तरी जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. उघड्या भांड्यातले पाणी उत्कलनबिंदूच्या वर तापू शकत नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. निखारे मंदावले तर तापलेले पाणी काही काळ ऊब टिकवून धरते. म्हणजे पेटीचे तापमान फार वरही जात नाही आणि झटकन खालीही येत नाही.

पाण्याचा हा गुण पाहायचा असेल तर शहरातल्या पाणचक्कीवर जावे. तिथल्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. भर उन्हाळ्यात त्या दालनात शिरणाऱ्याला थंडावा जाणवतो, कारण डोक्यावरचे एवढे पाणी तापवायला उन्हाला फार वेळ लागतो.

भांड्याची आणखी दोन कामे आहेत. वितळून ठिबकणारी चरबी ते झेलते. चरबी थेट निखाऱ्यांवर पडली की दाट काळा धूर होतो आणि त्यात कर्करोगकारक ठरलेली बेंझोपायरीनसारखी संयुगे तयार होतात. भांड्याने हा धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ज्या प्रक्रिया केलेल्या मांसाचा कर्करोगकारक पदार्थांत समावेश केला, त्यात धुरावलेले मांसही येते. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे: भांडे पेटीतली हवा दमट करते. दमट हवेने काय साधते? त्यासाठी आपल्या उन्हाळ्याकडे वळावे लागेल.

ओला तापमापी

मे महिन्यातल्या दुपारी मराठवाड्यात पारा ४० अंशांवर असतो आणि हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. अशा वेळी सावलीत दोन तापमापी टांगा. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि वारा लागू द्या. कोरडा तापमापी ४० अंश दाखवील, ओला मात्र २३ अंशांच्या आसपास येऊन थांबेल. फडक्यातले पाणी उडून जाताना सुप्त उष्णता फुग्याकडून घेते. माठ, वाळ्याचा पडदा आणि कूलर यांचे सारे रहस्य एवढेच आहे. कोकणात ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापी २८ अंशांपर्यंतच उतरेल. इथे १७ अंशांचा फरक पडला, तिथे केवळ ४ अंशांचा.

मांसाचा तुकडा हा ओल्या फडक्यासारखाच आहे, कारण त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. धुरीच्या पेटीत ११० अंशांची हवा असली, तरी मोठ्या तुकड्याचे आतले तापमान ६५-७० अंशांवर येऊन तासन् तास अडकते. या अडकण्याचे कारण वर्षानुवर्षे कोणी चरबीच्या वितळण्यात शोधले, कोणी स्नायूंतल्या तंतूंच्या विरघळण्यात. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लाँडर यांनी एक सोपा प्रयोग केला. भट्टीत त्यांनी चरबीचा एक गोळा ठेवला आणि शेजारी पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवला. गोळा न थांबता तापत गेला, स्पंज मात्र मांसासारखाच मध्येच अडकला. म्हणजे कारण होते बाष्पीभवन. मांसाला जणू घाम येतो आणि तो त्याला थंड ठेवतो.

पेटीतली हवा दमट केली तर हा घाम सावकाश उडतो. मांसातले पाणी कमी उडते, त्याचे बाह्यांग लवकर कडक होत नाही आणि ओल्या पृष्ठभागावर धुरातले घटकही चांगले बसतात. मऊ, रसदार मांस हवे असणाऱ्याने भांडे ठेवावे, असे यावरून दिसते. पण मुळात धुरी दिली जात होती ती रसदार मांसासाठी का?

ओल्या देशांतला धूर

मांस-मासळी टिकवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे त्यातले पाणी काढून टाकणे. पेरूच्या पहाडांतले लोक थंड, कोरड्या हवेत मांस वाळवत. त्यांच्या ‘चार्की’ या शब्दावरूनच इंग्रजीत ‘जर्की’ आला. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा मिठाशिवाय लाकडी मांडवांवर टांगून वाऱ्यावर वाळवतात. आपल्या किनाऱ्यावर बोंबील बांबूंच्या मांडवांवर उन्हात लटकताना दिसतातच.

स्कॉटलंडसारख्या देशात मात्र ऊन बेताचे आणि हवा सदा ओलसर. तिथे मासळी वाळवायची तर विस्तव हवा. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ती पाणी शोषू लागते. लाकडाच्या धुरातली फिनॉले आणि आम्ले जिवाणूंना रोखतात, हा वरचा फायदा. तिथल्या जुन्या धुराड्यांत कारागिरांची खरी डोकेदुखी होती दमटपणाची. पावसाळी दिवशी रात्रभर धूर देऊनही मासळी ओलीच राही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ॲबर्डीनच्या टॉरी संशोधन केंद्राने पंख्यावर चालणारी भट्टी बनवली, ती उष्णता, धूर आणि हवेची आर्द्रता हे तिन्ही ताब्यात ठेवण्यासाठीच.

पुढे घरोघरी फ्रिज आले. टिकवण्यासाठी धुराची गरज उरली नाही, चव मात्र जिभेवर राहिली. आता लोकांना वाळलेले मांस नको होते. त्यांना धुराचा वास असलेले, पण मऊ मांस हवे होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत मधोमध पाण्याचे भांडे असलेल्या, उभ्या नळकांड्यासारख्या धुरीच्या पेट्या घरगुती वापरासाठी विकल्या जाऊ लागल्या. वेबर कंपनीची प्रसिद्ध पेटी १९८१ साली आली. अशा रीतीने पाण्याचे भांडे फ्रिजच्या मागोमाग आले. ज्याच्या घरात मांस टिकवण्याचे दुसरे साधन आहे, त्यालाच ते ठेवणे परवडते. फ्रिज नव्हता, बर्फ नव्हता आणि सरपणही बेताचे होते, तिथल्या माणसांनी काय करावे?

दोरीवरचे उत्तर

मराठवाड्यातल्या गावांत मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावकीच्या रीतीने महार समाजावर लादलेले होते. ज्यांना रोजची भाकर मिळण्याची शाश्वती नव्हती, त्यांच्या वस्तीत एखाद्या दिवशी एकदम मणभर, दोन मण मांस येई. उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशीपर्यंतही टिकणे कठीण. तेव्हा खाऊन उरलेल्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापत आणि दोरीवर उन्हात वाळत घालत. खडखडीत वाळलेल्या या पट्ट्या म्हणजे चान्या. त्या मोडून, तुकडे करून साठवत आणि अडचणीच्या दिवसांत निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात घालून खात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या अशा खाद्यपदार्थांची सविस्तर नोंद आहे. पुस्तकाचे नावच आपल्याला विचार करायला लावणारे आहे.

या कृतीतले विज्ञान क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न: धूर का नाही, ऊन का? एक किलो मांसातले ६०० ग्रॅम पाणी उडवायचे तर साधारण १,४५० किलोज्यूल उष्णता लागेल. एक किलो सुक्या लाकडात सुमारे १६,००० किलोज्यूल असतात, पण उघड्या चुलीत त्यातला दहावा हिस्सा कामी लागला तरी पुष्कळ. म्हणजे किलोभर मांसाला जवळजवळ किलोभर लाकूड! पन्नास किलो मांसासाठी पन्नास किलो सरपण गोळा करणे ज्या घराला अशक्य, त्याच्या दारात मे महिन्याच्या दुपारी दर चौरस मीटरवर तासाला तीन हजारांहून अधिक किलोज्यूल ऊन फुकट पडत असते. शिवाय कोरडा वारा असतो. स्कॉटलंडच्या कारागिराला विस्तव पेटवून जी कोरडी हवा तयार करावी लागे, ती इथे आयतीच होती.

दुसरा प्रश्न: पट्ट्या पातळच का? मांसाच्या पृष्ठभागावरचे पाणी लगेच उडते, पण आतले पाणी पृष्ठभागापर्यंत विसरणाने यावे लागते. या प्रवासाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक सेंटिमीटर जाडीची पट्टी दीड दिवसात वाळते असे धरले, तर दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला तीन दिवस पुरणार नाहीत, सहा दिवस लागतील. तोवर आतला भाग नासलेला असेल. जाड तुकड्यात आणखी एक अडचण आहे. कोरड्या हवेत त्याचे बाह्यांग पटकन वाळून कडक होते आणि आतल्या पाण्याची वाट अडते. यावर दोन उपाय आहेत. हवा दमट करून वाळण्याचा वेग कमी करायचा, म्हणजे पाण्याचे भांडे ठेवायचे. किंवा तुकडाच इतका पातळ करायचा की अडचण उद्भवूच नये. चान्या करणाऱ्या बायकांनी दुसरा उपाय निवडला. सुरीने केलेल्या कापातच भांड्याचे काम होऊन गेले.

तिसरा प्रश्न: वाळलेले मांस टिकते का? जिवाणूंना वाढायला नुसते पाणी असून भागत नाही, ते त्यांना वापरता आले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ साली ही गोष्ट मोजमापासह मांडली. शुद्ध पाण्याची क्रियाशीलता १ मानली, तर बहुतेक जिवाणू ०.९० च्या खाली वाढत नाहीत आणि ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. हाताने मोडली की कट्‌कन तुटणारी पट्टी पुरेशी वाळलेली असते. मोजमापाचे उपकरण नसताना कट्‌कन तुटण्याची ती परीक्षाच उपयोगी पडत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाळवल्याने सूक्ष्मजीवांची वाढ थांबते, ते सगळे मरतात असे नाही. जनावर फाशी म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेले असेल, तर त्या रोगाचे बीजाणू वाळवण्याने नष्ट होत नाहीत. मेलेले जनावर खाण्यातला हा धोका ज्यांच्यावर लादला गेला, त्यांनाच तो पत्करावा लागत होता.

म्हणूनच चान्यांची आठवण दुहेरी आहे. त्यात पिढ्यान् पिढ्यांचे कौशल्य आहे आणि अपमानही आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडून द्या, असे आवाहन केले. अनेकांनी ते मनावर घेतले आणि गावकीच्या त्या कामालाही नकार दिला. तो नकार माणुसकीच्या हक्कासाठी होता. कारागिरीत काही उणे होते म्हणून तो दिला गेला नाही, हे आपण विसरता कामा नये. पुढे १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि दलित लेखकांच्या किती तरी पिढ्यांना लिहिते केले. गावकुसाबाहेरची भूक आणि भाकर छापील पानावर आली ती अशा लेखनातून.

देगेतले उत्तर

आता शहरातल्या दुसऱ्या उत्तराकडे येऊ. नानखलिया ही इथली ओळख. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असे परंपरेने सांगतात. भट्टीतला मऊ नान आणि मोठ्या देगेत शिजलेला मांसाचा रस्सा, म्हणजे खलिया, असे हे जेवण आहे. अकबराच्या काळी अबुल फझलने लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’तल्या पदार्थांच्या यादीत कलिया आणि दमपुख्त ही दोन्ही नावे आढळतात.

देगेत भरपूर रस्सा असतो. दम देताना झाकण कणकेने बंद करतात. आतली हवा वाफेने पूर्ण संपृक्त होते, त्यामुळे मांसाला घाम येऊन ते थंड होण्याचा प्रश्नच उरत नाही. मांस सावकाश शिजते. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेनचे चिवट तंतू पाणी आणि दीर्घ उष्णता मिळाली की विरघळून जिलेटिन बनतात आणि रस्सा दाट होतो. धुरीच्या पेटीतले पाण्याचे भांडे जे थोडेसे साधू पाहते, ते देग पूर्णपणे साधते. पण देगेतले मांस त्याच दिवशी संपवावे लागते. ते शिजवणाऱ्याकडे सरपण असते आणि ताजे मांस उद्याही मिळणार याची खात्री असते.

तेव्हा भांडे ठेवावे की नाही, याचे एकच उत्तर नाही. मांस आज मऊ खायचे असेल, तुकडा जाड असेल आणि विस्तव आवरत नसेल, तर ठेवावे. ते महिनोन् महिने टिकवायचे असेल तर भांडे आपल्या कामाच्या आड येईल. मुळात कोणाला काय हवे आहे आणि कोणाजवळ काय आहे, हे आधी विचारले पाहिजे.

वर्गात करून पाहा

या प्रयोगांना मांसाची गरज नाही. बटाट्याच्या २, ४ आणि ८ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा, वजन करा आणि जाळीवर उन्हात ठेवा. दर तासाला वजन घेऊन आलेख काढा. वजन निम्मे व्हायला प्रत्येक चकतीला किती वेळ लागला? जाडी दुप्पट झाल्यावर वेळ दुप्पट झाला, की त्याहून जास्त?

नंतर सारख्या मापाची दोन खोकी घ्या आणि त्यांवर काच झाका. कडेला वाफ जायला थोडी फट ठेवा. दोन्हींत सारख्या चकत्या आणि एकेक तापमापी ठेवा. एका खोक्यात पाण्याने भरलेली पसरट ताटली ठेवा. कोणत्या खोक्यात तापमान अधिक चढते? ऊन ढगाआड गेल्यावर कोणते लवकर निवते? कोणत्या चकत्या लवकर वाळतात? दोन्ही खोक्यांतल्या चकत्या चार दिवस तशाच ठेवून बुरशी कुठे आधी येते तेही पाहा. त्या चकत्या मात्र कोणी खाऊ नयेत.

शेवटी विद्यार्थ्यांना विचारा: तुमच्या घरी काय काय वाळवतात? कुरडया, पापड, सांडगे, शेवया, वाळलेल्या मिरच्या अशी उत्तरे चटकन येतील. आम्हीही गच्चीवरच्या कुरडयांची राखण करतच मोठे झालो. पण वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेल, की जिच्या आजीने सुकट, बोंबील किंवा चान्या वाळवल्या असतील आणि ते सांगायला तिची जीभ रेटत नसेल. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली आणि २०१५ पासून ती बैल-वळूंनाही लागू झाली. त्यामुळे तो पदार्थ अनेक घरांत आता आठवणीपुरताच उरला आहे. मुलांना अशी नावे कोणी सांगितली तर फळ्यावर ती कुरडयांच्याच रांगेत लिहावीत. त्या रांगेतल्या प्रत्येक पदार्थाच्या पुढे एकच रकाना आखावा: ‘पाणी कसे घालवले?’ तो भरताना ज्या घरचे ज्ञान आजवर कोणी विचारले नाही, त्या घरच्या मुलालाही सांगण्यासारखे काही सापडेल.